गुडघ्यांसाठी घेतलेला कॅमेरा

मी कॅमेरा घेतला तो गुडघ्यांसाठी. हे दुकानात सांगता येत नव्हतं, घरात तर त्याहून नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एका रविवारी सकाळी आमच्या हिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवता ठेवता सांगून टाकलं, "शाळेला सुट्टी लागली की मी डोंगरवाटेला जातेय. आठवडाभर. चालत."

"चालत म्हणजे?"

"चालत म्हणजे चालत. पाठीवर सामान घेऊन. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा गट आहे ना आमचा, तो सगळा निघालाय."

ही शाळेत भूगोल शिकवते. वर्षानुवर्षं फळ्यावर डोंगर काढून ते तास संपल्यावर डस्टरने पुसणारी बाई. तिला ते डोंगर अचानक जाऊन बघावेसे वाटतील, अशी शंकाही मला आली नव्हती. चौकशी केल्यावर कळलं, की असा एक गट आहे, तो रोज पहाटे पाण्याच्या टाकीमागची टेकडी चढतो, आणि ही गेली दोन वर्षं त्यात आहे. मला वाटायचं ती दूध आणायला जाते. दूध आणायला एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. यावरून मी किती विश्वास टाकणारा नवरा आहे हे ध्यानात यावं. की झोपाळू, असंही कुणी म्हणेल. म्हणो.

"मला विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्हाला जमणार नाही म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली. टोमणा असता तर मी सहन केला असता. पण ती हे अगदी मायेने म्हणाली, आजारी माणसाला मऊ भात वाढावा तशी. मी कप बाजूला सारला.

"मी येणार आहे," मी म्हणालो. "मला या वाटेची फिल्म करायचीय."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण निघाल्याबरोबर ते किती अचूक आहे हे मला कळलं. चढावर मध्येच कमरेवर हात ठेवून थांबलेला माणूस म्हातारा दिसतो. तोच माणूस डोळ्याला कॅमेरा लावून थांबला, की कलावंत दिसतो. थांबणं तेच, धाप तीच. फक्त हातात एक काळं यंत्र हवं.

आता ते यंत्र कोणतं, हा प्रश्न उरला. असा प्रश्न आमच्या इमारतीत फार वेळ खाजगी राहत नाही. संध्याकाळी मी जिन्यात असतानाच वरच्या मजल्यावरून हाक आली, "अहो, या वर! फिल्म करताय म्हणे!"

वरच्या मजल्यावर लेन्सकाका राहतात. त्यांच्याकडे कॅमेऱ्यांचं एक कपाट आहे. त्याला काचेची दारं, आत दिवा आणि दमटपणा मोजायचं घड्याळ आहे. त्या कपाटातल्या हवेची जितकी काळजी घेतली जाते तितकी काकूंचीही घेतली जात नसावी. एवढ्या सामग्रीनिशी काका स्वतःच्या गॅलरीबाहेर कधी गेलेले नाहीत. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसणारा कावळा हे त्यांचे आजवरचे विषय. टाकी त्यांनी सर्व ऋतूंत टिपली आहे.

"कॅमेरा विसरा," काका म्हणाले. "कॅमेरा आज आहे, उद्या नाही. काच राहते. काचेत पैसा घाला." मग त्यांनी दुधीभोपळ्याएवढी एक लेन्स तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. "मान सांभाळा तिची. हां. हिच्यातून डोंगरमाथ्यावरची शेळी ओळखता येते."

"कुणाची आहे ते?" मी विचारलं.

काकांनी लेन्स परत घेतली. नंतर पुढचा तासभर ते मोठा सेन्सर, छोटा सेन्सर, उजेडाचं गणित आणि 'नव्या पिढीची घसरण' यांवर बोलले. मी मान डोलावत होतो. काकू मध्येच येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही खरंच बाहेर जाणार आहात का हो? मग यांनाही न्या." काकांनी ते ऐकलं नाही. ते टाकीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन. हा हिचा धाकटा भाऊ. जगातल्या सर्व प्रश्नांवर त्याचं एकच उत्तर असतं, आणि ते त्याच्या खिशात असतं. "भाऊजी, कशाला डोकं पिकवताय? फोन पुरे!" मेव्हण्याने आपल्या लग्नानंतरच्या सहलीची फिल्म फोनवर काढली होती. ती आम्हा सगळ्यांना बसवून दाखवली गेली. तीत समुद्र होता, सूर्यास्त होता, त्याची बायको अधूनमधून होती, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचा अंगठा होता. नायकाचं काम अंगठ्याने चोख केलं होतं.

तिसरा सल्ला ऑफिसातला. मी विमा कंपनीत दावे तपासणी विभागात आहे. आमच्याकडे तपासणी म्हणजे नाकारणे. माझ्या समोरच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तो काडेपेटीएवढा कॅमेरा घ्या, छातीवर बांधायचा. तुम्ही नुसतं चालत राहायचं, तो आपोआप सगळं टिपतो. थांबायची गरजच नाही!"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. थांबायची गरज न ठेवणारा कॅमेरा! माणसाच्या बुद्धीने आजवर लावलेल्या शोधांत माझ्या इतका विरोधात गेलेला दुसरा नसेल.

शेवटी मी एकटाच दुकानात गेलो. विक्रेता तरतरीत होता, त्याच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'सर' होतं.

"सर, लांबच्या पायवाटेसाठी ना? मग हा घ्या. हलका, एकच लेन्स, जवळचं लांबचं सगळं येतं. बदलायची कटकट नाही."

"बदलायची असेल तर?"

"सर?"

"म्हणजे लेन्स बदलणारा दाखवा. बदलायला किती वेळ लागतो?"

"काही नाही सर, एक सेकंद. खट्, की झालं."

"याहून जास्त वेळ लागणारा नाही का?"

विक्रेत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो आत गेला आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलला. आतून दुकानाचा मालक स्वतः बाहेर आला. "सर, आपण कुठल्या चॅनलसाठी काम करता?"

मी फक्त हसलो. खोटं बोललो नाही, हे नोंदवून ठेवावं. खोटं आणि हसणं यांच्यामधल्या जागेत आमचा अख्खा विमा व्यवसाय उभा आहे.

त्यानंतर मला जे जे दाखवलं गेलं ते ते मी माझ्या कसोटीवर घासून घेतलं. एका लेन्सला फोकस आपोआप होत नव्हता. हाताने कडं फिरवून जुळवावा लागायचा. "याला वेळ जातो सर," मालक जरा ओशाळून म्हणाला. मी ती ताबडतोब बाजूला काढायला सांगितली. ती जवळच्या, पसरट दृश्यांसाठी. लांबच्यासाठी दुसरी, दुधीभोपळ्याची चुलतबहीण. एकीकडून दुसरीकडे जायचं तर पाठपिशवी उतरवा, बसा, झाकणं काढा, धूळ फुंका, कापडाने पुसा, झाकणं लावा, पिशवी चढवा. हा सगळा विधी दुकानात करून बघताना मी स्टुलावर इतका निवांत बसलो, की त्यांनी मला पाणी आणून दिलं. शिवाय कॅमेरा ठेवायची तिपाई घेतली. तिपाईचे तिन्ही पाय वेगवेगळे खोलावे लागत, आणि प्रत्येकाला तीन सांधे होते. माझ्या गुडघ्यांना एवढे आधार मिळाल्याचा मला मनापासून आनंद झाला. निघताना मालक दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "हल्ली असे जाणकार राहिले नाहीत सर."

घरी सराव सुरू केला. गॅलरीत तिपाई लावली, मोठी लेन्स चढवली आणि आमच्याच इमारतीच्या समोरच्या अंगाला असलेल्या एका खिडकीतल्या कुंडीवर फोकस जुळवत बसलो. पान स्वच्छ दिसायला लागलं की वारा यायचा, की पुन्हा कडं फिरवा. मन अगदी एकाग्र झालं. दारावरची बेलही ऐकू आली नाही. हिने दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी उभे. त्यांच्यामागे कुंडीवाल्या बाईंचे यजमान.

"तुमच्याविषयी तक्रार आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते माझ्याकडे न बघता चपलांच्या कपाटाकडे बघत होते.

"मी झाड बघत होतो," मी म्हणालो.

"दोन तास?" यजमान म्हणाले.

या प्रश्नाला जगात सन्माननीय उत्तर नाही. ही माझ्या मदतीला धावली. "अहो, खरंच झाडच बघत असतील," ती यजमानांना म्हणाली. "यांना त्यापलीकडचं काही दिसत नाही." त्याने त्यांचं समाधान झालं. माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही. गॅलरीतला सराव बंद पडला आणि तेव्हापासून कुंडीवाल्या बाई मला लिफ्टमध्ये भेटल्या की जिन्याने जातात. त्यांचे गुडघे चांगले असावेत.

त्यामुळे कॅमेऱ्याची उरलेली माहिती मी डोक्याने मिळवली. पुस्तिका होती, पण तिच्यातली अक्षरं मुंग्यांनी वाचायच्या आकाराची होती. कॅमेरा चालू केला की पडद्यावर समोरचं दृश्य दिसायला लागतं. म्हणजे चित्रीकरण सुरू. बटण दाबलं की कोपऱ्यात लाल ठिपका येतो. लाल म्हणजे थांबा, हे लहान मुलालाही कळतं. म्हणजे चित्रीकरण थांबलं. पुन्हा दाबलं की ठिपका जातो, म्हणजे पुन्हा सुरू. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी लोक पुस्तिका कशाला छापतात कोण जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरणं झालं. हिची पाठपिशवी अशी भरलेली, की जणू कारखान्यातूनच तशी आली होती. मग तिने माझी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. ठेवली म्हणजे सोडलीच.

"यात काय आहे?"

"कॅमेरा. लेन्स. दुसरी लेन्स. बॅटऱ्या."

"स्वेटर?"

"स्वेटरच्या जागी लांबची लेन्स आहे."

"थंडी वाजली की लेन्स पांघरणार का?"

कलेसाठी सोसणाऱ्यांची घरात नेहमीच चेष्टा होते. तिने माझा स्वेटर तिच्या पिशवीत कोंबला.

वाटेच्या तोंडाशी वनखात्याची चौकी होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे परवाने आधीच काढून ठेवले होते. या बाई दिसायला किरकोळ, पण आवाज असा, की समोरच्याने नकळत तोंड उघडावं. एकेक जण परवाना दाखवून आत गेला. मी शेवटचा. चौकीवरच्या साहेबांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि पेनचं टोपण काढलं.

"लेन्स निघते का?"

"निघते की! हाताने फोकस करावा लागतो." मी जरा अभिमानानेच म्हणालो.

"मग हा व्यावसायिक कॅमेरा."

"अहो, मी विमा कंपनीत आहे."

"माणसाचा धंदा आम्ही विचारत नाही. लेन्स निघत असेल तर कॅमेरा व्यावसायिक. व्यावसायिक चित्रीकरणाला शुल्क आहे."

"लेन्स निघते म्हणून मी व्यावसायिक? माझ्या वस्तऱ्याचं पातंही निघतं. म्हणून मी न्हावी होतो का?"

"न्हाव्यांबद्दल नियम नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

मी हात जोडले. हरलो म्हणून नाही, आदराने. माझी सगळी हयात लोकांचे दावे नाकारण्यात गेली, पण इतका कोरा, गुळगुळीत, कुठेही बोट घालायला जागा नसलेला नकार मला कधी साधला नव्हता. शेवटी तोडगा निघाला. आता पुढे जा, ओळखपत्र इथे ठेवा. परत येताना जे काही टिपलं असेल ते चौकीत बसून दाखवा. त्यात जितकी मिनिटं निसर्ग भरेल तितक्या मिनिटांचं शुल्क.

"आणि माणसं असली तर?"

"माणसांना शुल्क नाही. ती कुठेही असतात."

वाट सुरू झाली, आणि पहिल्या वळणावरच माझी योजना फळाला आली. मी हात वर करून ओरडलो, "थांबा! प्रकाश सुंदर आहे!" सगळे थांबले. मी पिशवी उतरवली, बसलो, झाकणं काढली. पहिला दिवस तर गटातल्या लोकांनी हौसेने केस नीट केले, दरीकडे बघत विचारात पडल्यासारखे चेहरे केले. दुसऱ्या दिवशी चेहरे कमी झाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या, आम्ही हळूहळू पुढे होतो." त्यांचं हळूहळू म्हणजे माझं धावणं.

तरीही एक नवल होतं. दर दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गट माझी वाट बघत बसलेला असायचा. कुणी कुरकुरत नव्हतं. माझ्या कामाचं मोल त्यांना हळूहळू पटत चाललंय, असं मी समजलो.

मी चित्रीकरण मात्र नेटाने केलं. धुक्यातून वर येणारी शिखरं, ओढ्यावरची ऊन-सावली, उतारावर वाऱ्याने आडवं होणारं गवत, सगळं टिपलं. टिपून झालं की बटण दाबायचं, लाल ठिपका आला याची खात्री करायची, आणि कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवून पुढे निघायचं. फक्त बॅटऱ्यांनी वात आणला. टिपायचो मिनिटभर आणि बॅटरी रिकामी. दुकानदाराने मला ओळखून जुन्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या होत्या तर! टिपलेलं रोज संध्याकाळी बघायचा मोह व्हायचा, पण बॅटरी वाचवायची म्हणून मी तो आवरला. फिल्म एकदम पुरी झाल्यावरच पाहावी, असा माझा बाणा आहे, हे मी सगळ्यांना सांगितलंही.

लांबच्या लेन्सचा मला एकच उपयोग झाला. मागे एकटा राहिलो की तिच्यातून पुढचा गट दिसायचा. ही सर्वांच्या पुढे असायची. टोपी मागे सरकलेली, काठी बगलेत मारलेली, कुणाशी तरी मोठ्याने बोलत आणि हसत. आवाज पोचायचा नाही, नुसतं हसणं दिसायचं. मी कडं फिरवून फोकस जुळवेपर्यंत ती पुढच्या वळणाआड जायची.

शेवटच्या खिंडीच्या अलीकडे माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. एका सपाट दगडाशी मी बसलो तो बसलोच. कॅमेरा शेजारच्या उंच दगडावर ठेवला, लाल ठिपका बघून, आणि डोळे मिटले. जरा वेळाने पाहतो तर ही परत खाली आलेली. माझ्याजवळ बसली. आम्ही थोडं बोललो, पाणी प्यायलो. मग तिने माझी तिपाई आपल्या पिशवीला बांधली आणि आम्ही खिंड ओलांडली.

परतल्यावर सगळा गट चौकीतच थांबला. माझी फिल्म बघायची सगळ्यांना उत्सुकता होती. चौकीत एक संगणक, एक टेबल आणि थोड्या खुर्च्या होत्या. उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. चहा आला. मी दोन शब्द बोलावेत असं मला वाटलं, आणि मी बोललोही. निसर्ग, संयम आणि नजर या विषयावर. साहेबांनी कार्ड यंत्रात घातलं.

पडद्यावर बूट आले.

माझे बूट. चालणारे. वरून दिसणारे. एक पुढे, एक मागे, मध्ये वाटेवरचे खडे. आणि आवाज. भात्यासारखा, गुरासारखा, दमेकऱ्यासारखा माझ्या श्वासाचा आवाज.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बूट," मी म्हणालो.

त्यांनी 'बूट' असं लिहिलं. पुढचा तुकडा लावला. बूट. त्याच्या पुढचा. बूट आणि थोडं पोट. मी टिपत होतो तेव्हा कॅमेरा झोपला होता, आणि मी बंद केला की तो जागा होत होता. धुकं नाही, ओढा नाही, शिखर नाही. होता तो मी, आणि तोही गळ्याखालचा.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी दुकानदारावर ढकललं असतं. पण कॅमेऱ्याला कान होते. पडद्यावरून माझा आवाज खणखणीत आला, "एक मिनिट! फोकस जुळवतोय!" आणि मग खालच्या सुरात, "फोकस गेला खड्ड्यात. श्वास घेऊ दे आधी."

भिंतीजवळ कुणीतरी खोकलं.

"ही बाई दात काढते तसा माणसाचा जीवही काढते. भूल तरी द्यायची."

डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "पुढच्या वेळी देईन," त्या म्हणाल्या.

"आणि तो चौकीवरचा! माझ्या खात्यात असता तर आज आमचा साहेब झाला असता."

साहेबांनी चित्र थांबवलं. "ही स्तुती आहे की निंदा?"

"स्तुती," मी म्हणालो. "शपथेवर."

त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा सुरू केलं. बूट चालत राहिले. आता माझा आवाज एकटाच होता, दमलेला, कुणी ऐकत नाही असं समजून बोलणाऱ्या माणसाचा. "केवढी पुढे गेली ही. अशी कधीपासून चालायला लागली? आपल्याला कुणी सांगितलं नाही." मग बराच वेळ नुसता श्वास. मग, "आपण विचारलं नाही म्हणा."

मी हिच्याकडे बघायचं टाळलं. ती पडद्यावरच्या बुटांकडे बघत होती.

साहेबांनी एकदा घसा खाकरला आणि कागद पुढे ओढला. मोठ्याने वाचत लिहिलं, "सदर चित्रीकरणात निसर्ग आढळून आला नाही. शुल्क लागू नाही." शिक्का उचलला.

"अजून एक राहिलाय," ही म्हणाली.

खरंच शेवटचा एक तुकडा होता. पडद्यावर पहिल्यांदाच बूट नव्हते. सपाट दगड, त्यावर आम्ही दोघं पाठीला पाठ टेकल्यासारखे तिरके बसलेलो. कॅमेरा दगडावर ठेवला होता तेव्हाचं. ही बाटलीचं झाकण उघडत होती.

"गुडघे?" पडद्यावरची ही म्हणाली.

"छे. प्रकाश बघतोय," पडद्यावरचा मी म्हणालो.

"प्रकाश गुडघ्यात असतो का?"

पडद्यावरचा मी गुडघा चोळू लागला. मग म्हणाला, "दुखतायत."

"कधीपासून?"

"पहिल्या वळणापासून."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, की थोडं चाललं की बसायचं, यांना चित्रीकरण करायचं असतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढा कॅमेरा घेतलात," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

मग दोघं पाणी प्यायले, आणि काही न बोलता बसून राहिले. तुकडा तसाच चालू राहिला. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या, तिथे भिंत होती तरी. आमच्या मागे ऊन उतरत होतं, ढग सरकत होते, दूरवर कड्यांच्या रांगा निळ्या पडत चालल्या होत्या.

साहेब पुढे झुकले. पेन पडद्याच्या कडेला टेकवून म्हणाले, "इथे मागे दरी आहे."

त्यांनी शिक्का पुन्हा खाली ठेवला.

"हा निसर्ग झाला. शुल्क लागेल. द्यायचं नसेल तर हा तुकडा पुसून टाकावा लागेल."

माझ्यातला विमावाला खडबडून जागा झाला. असा दावा, आणि इतका ठिसूळ! मी खुर्चीत सरसावून बसलो. दरी धूसर होती. फोकस आमच्यावर होता. दरी हा चित्रीकरणाचा विषय नसून तिथे आपोआप पडलेली पार्श्वभूमी होती. माणसं नसती तर दरी टिपलीच गेली नसती, सबब मूळ चित्रीकरण माणसांचं, आणि माणसांना शुल्क नाही, हे साहेबांच्याच तोंडचं. एका श्वासात चारही मुद्दे मांडायला मी तोंड उघडलं.

पण तोवर हिने पर्स उघडली होती.